घोकलेला पासवर्ड

आयुष्यात एकच परीक्षा अशी आली की जिचा अभ्यास मुकाट्यानं करायला हवा होता, आणि ती मी आमच्या व्हरांड्यात बसून केली. याला मूर्खपणाच म्हणतात. पण दुसरी जागा कुठे होती? बेटाच्या दक्षिणेकडच्या शमें ग्रेनिए गावातलं आमचं घर चार खोल्यांचं. दोन खोल्यांत बहिणी आणि त्यांची भांडणं, एकीत पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेल्या खुर्च्या, चौथीत आई आणि तिचा रेडिओ. उरला व्हरांडा, आणि व्हरांड्यात बा.

बा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी उभा जन्म काढला होता. उसाची गाडी काट्यावर आली की वजन वाचायचं आणि तीनदा ओरडून सांगायचं: एकदा गाडीवानाला, एकदा ऊसवाल्याला, एकदा आत बसलेल्या कारकुनाला. सगळ्यांच्या कानांवर पडलं की कुणाला शंका घ्यायला जागा नाही. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. मीठ मागायचं असलं तरी ते तीन घरांना ऐकू जायचं. हळू बोलणाऱ्या माणसावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. शेजारी दोघी बायका कुजबुजताना दिसल्या की ते इथून विचारायचे, "काय लपवताय?"

अशा माणसाच्या शेजारी बसून मी कॉम्प्युटरच्या सुरक्षेचा अभ्यास केला.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं ती. राजधानीतल्या, पोर्ट लुईतल्या ज्या कचेरीत मी नोकरीला होते, तिथून लहान ऊसवाल्यांच्या याद्या निघत. कुणाचा ऊस कोणत्या दिवशी कोणत्या कारखान्यात जायचा, ते यादीत असे. कापणीच्या दिवसांत रोज नवी यादी. यादीत नाव नसेल तर काट्यावर गाडी घेत नसत. आम्ही सहा जणी कार्डांना भोकं पाडायच्या यंत्रांवर बसायचो आणि संध्याकाळी बोटं चोळत घरी जायचो. मग कॉम्प्युटरचे टर्मिनल आले. सुपरवायझरनी आम्हाला एका रांगेत उभं करून सांगितलं की भोकांचं काम बंद होणार. आत मशीनच्या खोलीत एकच जागा होणार, आणि ती जी दाखला मिळवील तिची. बाकीच्या पाच जणींनी टपाल खात्यात जाऊन पाकिटं चिकटवायची.

दाखला अगदी पहिल्या पायरीचा होता, संगणकातली माहिती सुरक्षित कशी ठेवावी याचा. विलायतेतल्या एका संस्थेचा अभ्यासक्रम, पत्रानं शिकायचा. वर्षातून एकदा त्यांचा परीक्षक बेटावर यायचा, तोंडी परीक्षा घ्यायचा, आणि विमानात बसून जायचा. एकच संधी. मला ती खोली हवी होती. गार हवा, बंद दार आणि आत कुणी ओरडत नाही, एवढं कारण मला पुरेसं होतं. शिवाय पाकिटं चिकटवायला मी इतकी शिकले नव्हते, हेही खरं.

उरलेल्या पाच जणींपैकी दोघींनी नाव दिलं आणि पहिलं पुस्तक आल्यावर मागे घेतलं. त्यांना मी दोष देत नाही. पुस्तकाचा लेखक इंग्रजी असं लिहायचा की कचेरीच्या वाटेवर सुरू केलेलं वाक्य संपेपर्यंत मी क्यूरपीपला बस बदलून पुढच्या बसमध्ये बसलेली असायची. पण नियम स्वच्छ होते. पासवर्ड कुणाचं नाव नसावं. त्याला अर्थ नसावा. तो कुठेही लिहू नये, कुणालाही सांगू नये, आणि दर महिन्याला बदलावा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात आलं, या लेखकाला आईबाप नसावेत.

अभ्यासाचा अर्धा भाग म्हणजे एक वही. तीन महिने खऱ्या कामावर पासवर्ड सांभाळायचा, दर महिन्याला वरिष्ठाची सही घ्यायची, आणि काही गडबड झालीच तर ती स्वतःच्या हातानं वहीत नोंदवायची. त्यासाठी सुपरवायझरनी मला याद्यांची फाइल दिली. ती दोनच पासवर्डांनी उघडायची, एक मशीनच्या खोलीतल्या जुन्या ऑपरेटरचा आणि एक माझा. मी भलतीच खूष झाले.

आता अर्थ नसलेली, न लिहिलेली गोष्ट लक्षात कशी ठेवायची? मला एकच रीत माहीत होती. शनिवारच्या मराठीच्या वर्गात, देवळामागच्या पत्र्याखाली, आम्ही सगळं घोकूनच शिकलो. पाढे घोकले, आरत्या घोकल्या, ज्या कवितांचा अर्थ गुरुजींनाही धड येत नव्हता त्या घोकल्या. डोळे मिटून, मान हलवून, मोठ्यानं. मनातल्या मनात पाठ करतात ही गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती. म्हणून मी पुस्तकाचे नियमही घोकले. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की व्हरांड्यात बसायचं, बांच्या हातात पुस्तक द्यायचं, आणि सुरू करायचं. बांना इंग्रजी अक्षरं वाचता यायची, अर्थ लागायचा नाही. ते ओळीखाली बोट सरकवत जायचे आणि माझा शब्द चुकला की बोट थांबायचं. लहानपणापासून हेच चाललं होतं. मी पंचविशीची झाले तरी बोट थांबलं की मी ओळ पहिल्यापासून धरायची.

नियम झाले, उत्तरं झाली, की शेवटी मी माझा पासवर्ड तोंडातल्या तोंडात तीनदा म्हणायची. महिना नवा, अक्षरं नवी, विसरले तर फाइल उघडणार नाही. तेवढीच माझी चूक. पहिले दोन महिने बांनी काही म्हटलं नाही. तिसऱ्या महिन्यात त्यांनी पुस्तकात बोट ठेवलं, पान उलटून पाहिलं, मागचं पान पाहिलं आणि म्हणाले, "शेवटचं काय बोललीस?"

"काय नाय, बा."

"काय नाय कसं? तीनदा बोललीस. बुकात तर दिसत नाय."

"ते बुकातलं नाय. ते माझं हाय. सेक्रे हाय, गुपित."

"सेक्रे? कोनापासून?"

"सगळ्यांपासून."

"मी सगळ्यांतला काय?"

पुस्तकात या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मी सांगितलं, नियमच तसा आहे. त्यांनी मान हलवली, आणि मला वाटलं समजलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर आल्यावर ते म्हणाले, "ते शेवटचं साफ बोल. तोंडात बोललीस म्हंजी पक्कं नाय झालेलं. एग्जामेंला अशीच फजिती होईल." मी म्हटलं, बा, ते परीक्षेत विचारणारच नाहीत, ते कुणी विचारायचंच नाही, तीच तर परीक्षा आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी भलतंच शिकतेय. आतून आई म्हणाली, "सांग की एकदा, जेवायचं हाय." बहिणी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी चिडले. आणि चिडून, सुटका व्हावी म्हणून, एकदा मोठ्यानं म्हणून टाकलं. के सात टी चार एम नऊ.

"हां," बा म्हणाले. "कोरेक. आता परत."

त्यानंतर रोज तो माझ्या धड्याचाच भाग झाला. मी टाळलं तर बा आठवण करून द्यायचे. बहिणी भांडी घासताना ते म्हणायच्या. हे म्हणू नका म्हणून मी किती वेळा सांगितलं, ओरडून सांगितलं, गयावया केली. बा म्हणाले, तुझं पाठ व्हावं म्हणून म्हणतो, मला त्याचा काय उपयोग. ते तितकंच खरं होतं, आणि त्याच्यावर मला आणखी राग यायचा. मी नवा पासवर्ड घ्यायला पाहिजे होता, हे मला आज कळतं. पण महिना संपायला बारा दिवस होते, आणि वहीत महिन्याच्या मधे बदल केला की कारण लिहावं लागायचं. मी कंटाळा केला.

त्याच आठवड्यात मला ताप आला. अंग भाजत होतं, डोळे उघडत नव्हते. दोन दिवस मी काय बोलले ते मला माहीत नाही. आमच्याकडे टेलिफोन नव्हता, तो कोपऱ्यावरच्या चिनी दुकानात. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराचा माणूस सांगत आला की कचेरीतून फोन आहे, पोर्ट लुईहून, फार घाईचा. बा चप्पल घालून निघाले. धाकटी बहीण त्यांच्याबरोबर गेली, म्हणून पुढचं सगळं मला तिच्याकडून कळलं.

फोनवर सुपरवायझर होते. जुना ऑपरेटर शेजारच्या रेयुनियों बेटावर लग्नाला गेलेला. मी अंथरुणात. याद्यांची फाइल उघडेना. दक्षिणेकडच्या दोन कारखान्यांना त्या दिवशीची यादी गेलेली नव्हती, आणि काट्यांबाहेर गाड्यांची रांग लागली होती. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं, मला दुकानापर्यंत आणता येईल का.

"अलो? वी, मो सो पापा," बा म्हणाले, मी तिचा बाप. मग त्यांनी रांग किती लांब आहे ते विचारलं. किती वेळ झाला ते विचारलं. कापलेला ऊस उन्हात उभा राहिला की वजन घटतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी ते जन्मभर पाहिलं होतं, गाडीवानांची तोंडं पाहिली होती. ते म्हणाले, पोरीला उठवायची गरज नाही, मला पाठ आहे.

लाइन खरखरत होती. सुपरवायझरना ऐकू येईना. तेव्हा बांनी काट्यावरचा आवाज काढला. माझीच अक्षरं, फ्रेंचमध्ये: का, सेत, ते, कात, एम, नेफ. तीनदा. दुकानात तेल घ्यायला आलेल्या बायका होत्या, ब्रेड घ्यायला आलेली पोरं होती, दोन गाडीवानही होते. तिसऱ्या वेळी दुकानदारही त्यांच्याबरोबर म्हणाला, बांना मदत म्हणून.

यादी निघाली. गाड्या आत गेल्या. गावात बांचं कौतुक झालं आणि माझ्या उशाशी कुणीतरी पपया आणून ठेवल्या.

मी बरी होऊन बसथांब्यावर गेले तेव्हा दुकानदारानं फळीमागून हात वर केला आणि हसून माझा पासवर्ड म्हटला. त्याला वाटलं मला बरं वाटेल. बसमध्ये एका म्हाताऱ्यानं विचारलं, तूच ना ती, के सात वाली? क्यूरपीपपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत बसले. इतका संताप मला त्याआधी कधी आला नव्हता, आणि तो कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

कचेरीत पोचल्यावर पहिलं काम केलं ते पासवर्ड बदलायचं. दुसरं, वही घेऊन सुपरवायझरकडे गेले. त्यांनी दार लावलं. ते म्हणाले, हे लिहू नकोस. मीही तो पासवर्ड ऐकून घेतला, मीही टाइप केला, माझ्याही अंगाशी येईल. काम झालं, कुणाचं नुकसान नाही, सही देतो. माणूस वाईट नव्हता. मीही मनातून तयार होते. प्रामाणिकपणाचा मोठा आव आणायचा नाही मला. पण जी गोष्ट बसमधल्या म्हाताऱ्याला पाठ आहे ती वहीतून लपवून काय होणार होतं? परीक्षक दक्षिणेकडे फिरायला गेला आणि चहा प्यायला आमच्या दुकानात थांबला तर? आणि पुस्तकात स्पष्ट होतं: लपवलेली गडबड सापडली तर नापास. नोंदवलेली असेल, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं ते पटवून सांगता आलं, तर विचार करू.

मी लिहिलं. सुपरवायझरनी स्वतःचा भाग स्वतः लिहिला, हे त्यांचं मोठेपण. छापील रकाने होते. पासवर्ड कुणी उघड केला? अनधिकृत व्यक्तीनं. उमेदवाराशी नातं? वडील. उपाय काय केला? इथे मी लिहिलं की या व्यक्तीला यापुढे माझ्या कामाविषयी कोणतीही माहिती दिली जाणार नाही. इंग्रजीत ते वाक्य फार चांगलं जमलं होतं. मी रागावलेली होते, आणि ते वाक्य लिहिताना मला बरं वाटलं हे मी नाकारत नाही.

परीक्षक तीन आठवड्यांनी येणार होता आणि तो या नोंदीवरच प्रश्न विचारणार, हे उघड होतं. म्हणजे नोंद पाठ हवी. आणि पाठ करायची माझी रीत तर तीच. मी वहीतली नोंद कागदावर उतरवून घरी आणली. कागद मी स्वतःजवळच ठेवणार होते. पण मी व्हरांड्यात बसले, बांनी हात पुढे केला, आणि माझ्या हातानं तो त्यांना दिला. इतक्या वर्षांची सवय.

मी म्हणू लागले. त्यांचं बोट ओळीखाली सरकू लागलं. 'फादर' हा शब्द त्यांना येत होता. तिथे बोट थांबलं, शब्द चुकला नव्हता तरी. मग ते एक ओळ मागे गेलं.

"ह्यो मोठा शब्द काय?"

मी म्हटलं, "ज्याला हक्क नाय तो मानूस."

"आनि ही खालची ओळ?"

सांगायचं टाळता आलं असतं. दुसरं काहीतरी सांगता आलं असतं, त्यांना कुठे कळणार होतं. पण मी सांगितलं, शब्दाला शब्द. अजून राग होता माझ्यात. बांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी बोट पुन्हा पहिल्या ओळीवर आणलं आणि म्हणाले, "चल. सुरवातीपासून." आम्ही ती नोंद त्या संध्याकाळी पाच वेळा म्हटली. पुढचे तीन आठवडे रोज म्हटली. दोन ठिकाणी मी चुकायची, ती त्यांनी पक्की करून घेतली. नव्या पासवर्डाबद्दल त्यांनी विचारलं नाही.

तोंडी परीक्षेत परीक्षकानं त्या नोंदीवरच अर्धा तास घालवला. मी एकदाही अडखळले नाही. शेवटी तो म्हणाला, उपाय थोडा कडक आहे, पण योग्य आहे. मी पास झाले आणि आतली जागा मला मिळाली. आईनं देवापुढे नारळ फोडला, बांनी साऱ्या गल्लीला ओरडून सांगितलं की पोरगी पास झाली.

त्याउपर मात्र त्यांनी मला काही विचारलं नाही. आज काय केलंस, मशीन चाललं का, यादी किती वाजता निघाली, काही नाही. मी कधी जेवताना कचेरीतली गंमत सांगायला लागले तर ते ताट घेऊन अंगणात जायचे. सुरुवातीला मला सुटल्यासारखं वाटलं. मग चीड यायला लागली. मी आईला म्हटलं, बा रुसलेत. आई म्हणाली, रुसलेला माणूस असा दोन वेळा पोटभर जेवतो काय? मी बांना एकदा सरळ विचारलं, तुम्ही विचारत का नाही? ते म्हणाले, "नाय, नाय. तुजं काम तू कर." मला ते लागलं, आणि लागलं म्हणून मी आणखी चिडले. कापणीच्या दिवसांत दक्षिणेतल्या प्रत्येक काट्याची यादी माझ्या हातातून जायची, आणि ज्याला तिच्यात सगळ्यात जास्त रस वाटला असता त्याच्याशी मी पावसापाण्याच्या गप्पा मारायची.

पुढच्या वर्षी कचेरीनं सगळ्यांच्या घरच्यांना मशीन बघायला बोलावलं. मी पाच पास लिहून आणले, प्रत्येकाचा वेगळा. आईनं नवी साडी नेसली. बांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि दोन्ही बसमध्ये पास खिशात आहे का ते चाचपत राहिले. खोलीच्या दाराशी आलो. मी दार उघडलं. आई आत गेली, बहिणी गेल्या. बा दाराबाहेर उभे राहिले.

"बा, चला. पास हाय तुमचा."

"तुमी बगून या."

"सगळ्यांचे बाप आत हायत, बा."

"तू लिवून दिलंयस नं, ह्याला काय बी सांगनार नाय म्हनून," ते म्हणाले. "सायबानं वाचलंय. मंग मी आत आलो तर तुजी नोकरी ऱ्हाईल काय?"

मी म्हटलं, ते तसं नसतं, ते नुसतं परीक्षेपुरतं होतं. त्यांनी मान हलवली आणि जिन्याशेजारच्या बाकावर जाऊन बसले. एका वेळी दार अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त उघडं ठेवायची परवानगी नव्हती, आतली हवा गरम होते म्हणून. मी आत गेले.